हेक्स रंग-कोड आणि बाइट-क्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपनसीव्हीत (चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीत) फोटो उघडला आणि सगळ्यांचे चेहरे निळे पडले. एक्सेलच्या मॅक्रोने लाल भरायचा तिथे निळा भरला. वेबवर नीट दिसणारा अर्धपारदर्शक रंग अँड्रॉइडवर भडक जांभळा झाला. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी मूळ बहुधा एकच असतं: बाइट तेच आहेत, पण लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने त्यांचा क्रम वेगळा धरला आहे.

खाली बहुतेक ठिकाणी एकच रंग उदाहरणाला घेतला आहे: #एफएफ ९९ ३३. तिरंग्यातल्या केशरीसाठी नेटवर सर्रास हाच कोड वापरतात. (राष्ट्रध्वजाचं अधिकृत मानक कापडाच्या ध्वजासाठी आहे, हा कोड वापरातून रूढ झालेला आहे.) वाचायला सोपं जावं म्हणून इथे दोन-दोन आकड्यांच्या जोड्या सुट्या ठेवल्या आहेत. एडिटरमध्ये मात्र कोड रोमन अक्षरांत, सलग, मध्ये जागा न सोडता लिहायचा.

कोडमधले सहा आकडे नेमकं काय सांगतात?

पहिली जोडी लाल, दुसरी हिरवा, तिसरी निळा. प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. हेक्समध्ये ० ते ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ येतात आणि त्यांची किंमत १० ते १५ असते. जोडीतल्या डावीकडच्या आकड्याला १६ ने गुणायचं आणि उजवीकडचा मिळवायचा. एफएफ म्हणजे १५ × १६ + १५ = २५५. ९९ म्हणजे ९ × १६ + ९ = १५३. ३३ म्हणजे ५१. आपल्या केशरीत लाल पूर्ण, हिरवा निम्म्याहून थोडा जास्त आणि निळा जेमतेम आहे.

तीन बाइटांत २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग बसतात. अक्षरं लहान लिपीत लिहिली काय आणि मोठ्या लिपीत लिहिली काय, सीएसएसला (वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेला) फरक पडत नाही.

हेक्सच कशाला? २५५, १५३, ५१ असं लिहिलं तर?

लिहिता येतं, सीएसएसमध्ये त्यासाठी आरजीबी फंक्शन आहेच. पण एक हेक्स आकडा म्हणजे बरोबर चार बिट आणि दोन आकडे म्हणजे बरोबर एक बाइट. त्यामुळे बाइटांच्या सीमा डोळ्यांना दिसतात. हाच केशरी एक सलग दशमान संख्या म्हणून लिहिला तर १,६७,५०,८९९ होतो. यात लाल किती ते कागद-पेन घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

कोड बघून रंग ओळखता येतो का?

ढोबळपणे येतो. तिन्ही जोड्या सारख्या असतील तर राखाडी. ०० कडे काळा, एफएफ कडे पांढरा. लाल आणि हिरवा दोन्ही मोठे, निळा लहान असेल तर पिवळ्या-केशरी घराण्यातला. लाल आणि निळा मोठे, हिरवा लहान असेल तर गुलाबी-जांभळा. सवयीने जमतं.

नावांच्या भरवशावर मात्र राहू नका. सीएसएसमधला ‘ग्रीन’ म्हणजे ०० ८० ००, हा गडद हिरवा. पूर्ण हिरवा, म्हणजे ०० एफएफ ००, हवा असेल तर नाव आहे ‘लाइम’. आणि ‘डार्कग्रे’ (ए९ ए९ ए९) हा ‘ग्रे’पेक्षा (८० ८० ८०) चक्क फिका आहे. ही नावं वेगवेगळ्या जुन्या याद्यांतून गोळा झाली, त्याचा हा परिणाम.

तीन आणि चार आकडी कोड म्हणजे काय?

प्रत्येक आकडा दुप्पट करून वाचायचा. #एफ९३ म्हणजे #एफएफ ९९ ३३. चार आकडी असेल तर चौथा आकडा पारदर्शकतेचा, तोही तसाच दुप्पट. शेवटी शून्यं जोडायची नाहीत, ही गफलत हाताने पार्सर लिहिणाऱ्यांकडून हमखास होते.

आठ आकडी कोडमध्ये पारदर्शकता पुढे असते की मागे?

ते तुम्ही कुठे आहात यावर ठरतं. सीएसएसमध्ये ती शेवटी येते: लाल, हिरवा, निळा, अल्फा (पारदर्शकतेचा बाइट: ०० म्हणजे पूर्ण आरपार, एफएफ म्हणजे पूर्ण अपारदर्शक). अँड्रॉइडच्या एक्सएमएलमध्ये आणि डब्ल्यूपीएफच्या (विंडोज ॲप बनवण्याच्या साधनाच्या) झॅमलमध्ये ती सुरुवातीला येते: अल्फा, लाल, हिरवा, निळा. फ्लटरमध्येही संख्या लिहिताना अल्फा आधीच.

निम्मा पारदर्शक केशरी घेऊ. सीएसएसमध्ये तो एफएफ ९९ ३३ ८०, अँड्रॉइडमध्ये ८० एफएफ ९९ ३३. आता सीएसएसचा कोड जसाच्या तसा अँड्रॉइडमध्ये चिकटवला तर काय होईल? एफएफ हा अल्फा धरला जाईल, म्हणजे पूर्ण अपारदर्शक. उरलेले ९९ ३३ ८० म्हणजे ठसठशीत जांभळट रंग. उलट केलं, म्हणजे अँड्रॉइडचा कोड सीएसएसमध्ये टाकला, तर ८० एफएफ ९९ हा पुदिन्यासारखा हिरवा मिळेल आणि अल्फा ३३, म्हणजे फक्त २० टक्के. पांढऱ्या पानावर तो इतका फिका दिसेल की घटक आलाच नाही असं वाटून तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

दोन्ही वेळा एरर येत नाही, हीच यातली खरी मेख. आठही आकडे वैध आहेत, त्यामुळे कंपायलर गप्प, ब्राउझर गप्प.

आणखी दोन वल्ली लक्षात ठेवा. नकाशांच्या केएमएल फाइलमध्ये क्रम अल्फा, निळा, हिरवा, लाल असा आहे. एएसएस सबटायटलमध्येही तोच क्रम, पण तिथे अल्फाचा अर्थच उलटा: ०० म्हणजे पूर्ण दिसणारं आणि एफएफ म्हणजे अदृश्य.

५० टक्क्यांसाठी ५० का लिहीत नाहीत?

कारण हेक्समधले ५० म्हणजे दशमान ८०, आणि २५५ पैकी ८० म्हणजे जेमतेम ३१ टक्के. २५५ चे निम्मे १२७.५, वरच्या बाजूला घेतले तर १२८, म्हणजे हेक्समध्ये ८०. नेहमी लागणारे बाकीचे: १० टक्क्यांना १ए, २० ला ३३, ३० ला ४डी, ४० ला ६६, ६० ला ९९, ७० ला बी३, ८० ला सीसी, ९० ला ई६. डिझायनरने ‘पारदर्शकता ३० टक्के’ म्हटलं तर ३० टक्के दिसायला हवंय की ३० टक्के आरपार, हे आधी विचारून घ्या.

एक्सेलच्या मॅक्रोत लाल आणि निळा उलटे का होतात?

विंडोजमध्ये रंगाची संख्या लिहिताना लाल सर्वांत खालच्या, म्हणजे सगळ्यात कमी किमतीच्या, बाइटमध्ये ठेवतात, मग हिरवा, मग निळा. व्हीबीएचं (एक्सेल मॅक्रोच्या भाषेचं) आरजीबी फंक्शन लाल + हिरवा × २५६ + निळा × ६५,५३६ एवढंच करतं. आपल्या केशरीसाठी ते ३३,८१,७५९ ही संख्या देतं, आणि हेक्समध्ये ती ३३ ९९ एफएफ दिसते. म्हणून वेबवरचा एफएफ ९९ ३३ तुम्ही ‘अँड एच’ लावून थेट सेलच्या रंगात भरला, तर सेल आकाशी निळा होतो. डेल्फीतही हाच क्रम आहे. उपाय सोपा: व्हीबीएमध्ये हेक्स लिहूच नका, आरजीबी फंक्शनला २५५, १५३, ५१ द्या.

मग यालाच लिटल एंडियन म्हणतात का?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सावकाश.

दोन वेगळे क्रम आहेत. पहिला चॅनलचा (लाल, हिरवा, निळा, अल्फा यांतला प्रत्येक घटक म्हणजे एक चॅनल) क्रम: संख्येत वरच्या बाजूला लाल ठेवायचा की निळा? हा माणसांनी ठरवलेला संकेत. सीएसएसने एक ठरवला, विंडोजने दुसरा. दुसरा बाइट-क्रम: एकापेक्षा जास्त बाइटांची संख्या मेमरीत ठेवताना मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवायचा की लहान किमतीचा? हा प्रोसेसरचा प्रश्न. मोठा आधी तर बिग एंडियन, लहान आधी तर लिटल एंडियन. इंटेल आणि एएमडीचे एक्स८६ प्रोसेसर लिटल एंडियन आहेत. एआरएम दोन्ही प्रकारे चालू शकतो, पण आजचे फोन तो लिटल एंडियन पद्धतीनेच चालवतात. इंटरनेटचे प्रोटोकॉल मात्र बिग एंडियन क्रम धरतात.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. आपण ४३ लिहिताना चार आधी लिहितो, पण बोलताना ‘त्रेचाळीस’, म्हणजे तीन आधी. संख्या तीच, फक्त एकक आधी की दशक आधी एवढाच फरक. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘चाळीस तीन’ची पद्धत आणली तेव्हा राज्यभर जो वाद रंगला, तो एका अर्थी एंडियनचाच वाद होता.)

आता दोन्ही क्रम एकत्र लावून बघा. अपारदर्शक केशरी अल्फा-लाल-हिरवा-निळा या संकेताने संख्येत लिहिला: एफएफ एफएफ ९९ ३३. लिटल एंडियन मशीनच्या मेमरीत पत्त्यांच्या चढत्या क्रमाने बाइट दिसतील ३३, ९९, एफएफ, एफएफ. म्हणजे निळा, हिरवा, लाल, अल्फा. संख्या सरळ, मेमरी उलटी.

विंडोजचा प्रकार याच्या बरोबर विरुद्ध. तिथे संख्या ०० ३३ ९९ एफएफ, आणि मेमरीत एफएफ, ९९, ३३, ००. लाल, हिरवा, निळा! संख्या उलटी, मेमरी सरळ. ‘उलटं झालंय’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठे उलटं? संख्येत की मेमरीत?

सीएसएसमधला हॅशवाला कोड तर संख्याही नाही, तो नुसता मजकूर आहे. डावीकडून उजवीकडे वाचायचा. त्याला एंडियन नसतो.

बिट सरकवून लाल काढताना एंडियनची काळजी घ्यावी लागते का?

नाही. संख्या १६ बिट उजवीकडे सरकवून २५५ शी ‘अँड’ केली की लाल मिळतो, मशीन कुठलंही असो. सरकवणं ही किमतीवरची क्रिया आहे. मेमरीत बाइट कसे मांडलेत याच्याशी तिला देणंघेणं नाही.

एंडियन उघडा पडतो तो फक्त संख्येकडे बाइट म्हणून किंवा बाइटांकडे संख्या म्हणून पाहताना. सी भाषेत पॉइंटरचा प्रकार बदलताना, संख्या थेट फाइलमध्ये किंवा सॉकेटवर टाकताना, किंवा ब्राउझरच्या कॅनव्हासचा डेटा ३२ बिटांच्या ॲरेतून वाचताना. कॅनव्हास बाइट नेहमी लाल, हिरवा, निळा, अल्फा याच क्रमाने देतो. तेच चार बाइट लिटल एंडियन मशीनवर ३२ बिटांची संख्या म्हणून वाचले की आपला केशरी एफएफ ३३ ९९ एफएफ असा हाती येतो.

नावात एआरजीबी आणि हाती येतं बीजीआरए, असं का?

ए म्हणजे अल्फा, आर लाल, जी हिरवा, बी निळा. काही नावं संख्येतला क्रम सांगतात, काही मेमरीतला. विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीत, डायरेक्टथ्रीडी ९ मधला ए८आर८जी८बी८ आणि नंतरच्या डीएक्सजीआयमधला बी८जी८आर८ए८ हे मेमरीत एकच आहेत. नाव ठेवणाऱ्याची नजर बदलली, बाइट जागेवरच राहिले.

अँड्रॉइडने तर कहर केला आहे. बिटमॅपच्या एआरजीबी_८८८८ या प्रकारात मेमरीतले बाइट असतात लाल, हिरवा, निळा, अल्फा. एनडीकेमध्ये (अँड्रॉइडच्या सी/सी++ साधनसंचात) त्याच प्रकाराचं नाव आरजीबीए_८८८८ आहे, आणि ते खरं आहे. पण त्याच बिटमॅपमधून एक पिक्सेल मागितला तर मिळणारी संख्या मात्र अल्फा वर असलेली, एआरजीबी. नावावर विश्वास न ठेवता एक पिक्सेल छापून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

अँड्रॉइडमध्ये रंग छापला तर उणे संख्या का येते?

३२ बिटांची संख्या चिन्हासहित धरली जाते आणि अल्फाचा वरचा बिट १ असतो, म्हणून. अपारदर्शक केशरी −२६३१७ असा छापला जातो. रंग बरोबरच आहे. जपायचं ते सरकवताना: जावामध्ये >> वापरून अल्फा काढला तर २५५ ऐवजी −१ येतो; >>> वापरा. जावास्क्रिप्टमध्येही बिटांच्या क्रिया चिन्हासहित ३२ बिटांत होतात. शेवटी >>> ० लावलं की संख्या धन होते.

ओपनसीव्हीत चेहरे निळे का दिसतात?

ओपनसीव्ही चित्र वाचताना निळा, हिरवा, लाल असा क्रम ठेवते. सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्यांत आणि विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम रूढ होता, तोच पुढे चालत आला. मॅटप्लॉटलिबला (आलेख आणि चित्रं दाखवणाऱ्या पायथॉन लायब्ररीला) मात्र लाल आधी लागतो. तिला चित्र देण्याआधी बीजीआर-टू-आरजीबी रूपांतर करा. चित्र ओपनसीव्हीच्याच फंक्शनने दाखवलं किंवा जतन केलं तर काही करायची गरज नाही, आणि तिथे विनाकारण रूपांतर केलं तर तुम्हीच निळे चेहरे तयार कराल.

फाइलमध्ये कोणता क्रम असतो?

फॉरमॅटने ठरवलेला. २४ बिटांच्या बीएमपी फाइलमध्ये पिक्सेल निळा, हिरवा, लाल असे असतात, ओळी सहसा खालून वर, आणि प्रत्येक ओळ ४ च्या पटीत बसवायला शेवटी भर घातलेली. ही भर विसरलात तर चित्र तिरकं घसरत गेल्यासारखं दिसतं. पीएनजीमध्ये लाल आधी, आणि एकाहून जास्त बाइटांच्या सगळ्या संख्या बिग एंडियन. टिफ फाइल पहिल्या दोन बाइटांतच सांगते: ‘आयआय’ म्हणजे लिटल, ‘एमएम’ म्हणजे बिग.

वाचण्याचा कोड लिहिताना क्रम उघडपणे सांगा. पायथॉनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये < म्हणजे लिटल, > म्हणजे बिग. आपलं मशीन कोणतं हे पायथॉनमध्ये सिस मॉड्यूलच्या बाइटऑर्डरमधून कळतं, पण फाइल वाचताना त्याची गरज पडत असेल तर तुमच्या कोडमध्येच काहीतरी गडबड आहे.

ईएसपी३२ ला (छोट्या मायक्रोकंट्रोलरला) जोडलेल्या छोट्या टीएफटी डिस्प्लेवर रंग पार वेगळेच दिसतात. तेही हेच का?

इथे मात्र खरोखरचा बाइट-क्रम चावतो. हे डिस्प्ले बहुधा १६ बिटांचा रंग घेतात: लालला ५ बिट, हिरव्याला ६, निळ्याला ५. हिरव्याला एक जास्त, कारण डोळा हिरव्यातले फरक अधिक टिपतो. आपल्या केशरीचे भाग होतात ३१, ३८ आणि ६, आणि संख्या बनते एफसी सी६.

आयएलआय९३४१ सारखा डिस्प्ले वरचा बाइट आधी मागतो. ईएसपी३२ लिटल एंडियन. मेमरीतला चित्राचा ॲरे बाइट म्हणून जसाच्या तसा ढकलला तर सी६ आधी जातो, आणि डिस्प्ले वाचतो सी६ एफसी. त्याचे भाग पाडा: २४, ५५, २८. हा झाला फिकट निळसर राखाडी. लाल-निळ्याची अदलाबदल इतकी विचित्र दिसत नाही. इथे बिट एका चॅनलमधून दुसऱ्यात घुसले आहेत. टीएफटी_ईएसपीआय लायब्ररीत यासाठी सेटस्वॅपबाइट्स हे फंक्शन आहे.

नुसता लाल-निळा उलटा झाला असेल तर कारण वेगळं: डिस्प्लेच्या एमएडीसीटीएल रजिस्टरमध्ये आरजीबी-बीजीआर ठरवणारा एक बिट असतो, तो तपासा.

दिवाळीला आकाशकंदिलात एलईडी पट्टी लावली. केशरी सांगितला तर पोपटी पेटतो!

डब्ल्यूएस२८१२ प्रकारच्या पट्ट्या हिरवा, लाल, निळा अशा क्रमाने बाइट घेतात. २५५, १५३, ५१ पाठवलंत की तिने हिरवा २५५ आणि लाल १५३ धरला. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये आरजीबीच्या जागी जीआरबी करा. सोल्डरिंगला दोष देऊ नका.

जावास्क्रिप्टमधून तयार केलेला कोड कधी चालतो, कधी नाही. का?

पुढचं शून्य गळतंय. तिरंग्याचा हिरवा म्हणून वापरतात तो १३ ८८ ०८. शेवटचा बाइट ८ हेक्समध्ये लिहिला की नुसता ‘८’ येतो, आणि कोड पाच आकडी होतो. सीएसएस तो अवैध ठरवून ती ओळच सोडून देतं. प्रत्येक जोडी पॅडस्टार्टने दोन आकडी करा.

एक्सेलमध्ये रंगांची यादी ठेवणाऱ्यांची व्यथा याहून मोठी. अशोकचक्राचा निळा ०० ०० ८० तिथे नुसता ८० होतो. आणि १२ ३ई ४५ असा कोड सलग टाकला की एक्सेल मधल्या ई ला घातांक समजून १.२३ई+४७ करून टाकतं. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग चिकटवा. नंतर केलं तर गेलेलं परत येत नाही.

रंग चुकतोय एवढंच दिसतंय. क्रम कुठे चुकला हे कसं शोधायचं?

पांढरा, काळा, राखाडी यांवर तपासू नका. तिन्ही बाइट सारखे, कसेही फिरवा तेच. हिरवाही फसवा आहे: १३ ८८ ०८ उलटा केला तर ०८ ८८ १३, डोळ्यांना तोच हिरवा. म्हणून चाचणीत तिरंगा टाकला की केशरी निळा होतो आणि हिरवा ठणठणीत राहतो. अशी जोडी दिसली की लाल-निळ्याची अदलाबदल आहे हे नक्की समजा.

सगळ्यात उपयोगी चाचणी-रंग म्हणजे ११ २२ ३३, अल्फा ४४. चारही बाइट वेगळे, त्यामुळे हेक्स एडिटरमध्ये किंवा लॉगमध्ये क्रम थेट वाचता येतो. डोळ्यांना तो मळकट दिसेल, पण इथे डोळे वापरायचेच नाहीत. हा पिक्सेल प्रत्येक टप्प्यावर छापा: फाइल वाचल्यावर, रूपांतरानंतर, पाठवण्याआधी. ज्या दोन टप्प्यांमध्ये ११ ची जागा बदलली, तिथेच चूक आहे. दोन चुका एकमेकींना झाकत असतील तर शेवटचा रंग बरोबर दिसेल आणि मधले टप्पे उलटे. तसं आढळलं तर दोन्ही दुरुस्त करा, कारण उद्या कोणीतरी त्यातली एकच दुरुस्त करेल.

सीएसएसमध्ये एसव्हीजी (मजकुराच्या रूपात लिहिलेलं चित्र) थेट यूआरएलमध्ये लिहिलं, तर रंग का लागत नाही?

यूआरएलमध्ये # चा अर्थ वेगळा असतो, त्याच्या पुढचा भाग चित्राचा धरलाच जात नाही. # च्या जागी %२३ लिहा, अर्थात इंग्रजी आकड्यांत.